चिडीचं घर आणि गेरूचा दगड

चैत्र अर्धा सरला की आमच्या धुळ्याच्या कॉलनीमागच्या मोकळ्या प्लॉटांवर एक शीळ सुरू होते. फार गोड आहे असं कुणी म्हणणार नाही. बारीक, लांबट, वरून खाली घसरत येणारी. पहिल्या वर्षी शेजारच्या बाई म्हणाल्या, “कुणाची तरी सायकल करकरतेय वाटतं.” मी हो म्हणाले. गच्चीवर पापड वाळत घालता घालता दर वेळी कुणाला तरी पक्षी दाखवायचा आणि समोरच्याने “कुठाय? मला तर नुसतं ढेकूळ दिसतंय” म्हणायचं, याचा मला कंटाळा आला आहे.

डोंबारी त्याचं नाव. चिमणीहून थोडा लहान, अंगाचा रंग वाळलेल्या मातीचा. नराचं पोट तेवढं काळं. तो सरळ वर चढतो, पंख मिटून धोंड्यासारखा खाली येतो, आता आपटला असं वाटेपर्यंत पुन्हा वर उसळतो आणि प्रत्येक उतारावर ती शीळ घालतो. चार-सहा वेळा हा खेळ झाला की एखाद्या ढेकळावर उतरतो आणि दिसेनासा होतो. गेलेला नसतो कुठेच. तिथेच असतो, आपल्याला दिसत नाही एवढंच.

या पक्ष्यांचं सगळं भुईवर चालतं. खाणं भुईवर, झोपणं भुईवर, अंघोळ मातीत, संसारही भुईवरच. बाभळीचं झाड हाताशी असलं तरी डोंबारी त्यावर बसत नाही. त्याचा थोरला भाऊबंद चंडोल, डोक्यावर तुरा असलेला, तो फार तर एखाद्या दगडावर किंवा बांधावर चढून गाईल. ज्यांना लपायला फांदी नाही, त्यांनी मातीचा रंग घेतला आणि गप्प बसायला शिकले. वर जाऊन काय ते गायचं, खाली आल्यावर तोंड बंद. नवी सून म्हणून सासरी गेले तेव्हा मलाही साधारण हेच सांगण्यात आलं होतं, फक्त त्यातला गाण्याचा भाग नव्हता.

माझं माहेर जळगावचं. वडील रेल्वेत, राहायला क्वार्टर, दारात कडुनिंब. पक्षी म्हटलं की मान वर करायची एवढंच मला ठाऊक. ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल, तेव्हा लग्न होऊन मी दोंडाईच्यापासून तीन कोसांवरच्या एका खेड्यात आले. नवरा धुळ्याला नोकरीला, खोली मिळेपर्यंत मी गावी. तो शनिवारी येई आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जाई. बाकीचे दिवस घरात सासूबाई, त्यांना सगळे अक्का म्हणत, आणि सासरे, म्हणजे आबा.

त्या घरची रीत अशी की सून सासऱ्यांसमोर बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, जेवायला वाढलं की बाजूला व्हायचं. सासराही सुनेशी थेट बोलत नाही. पाणी हवं असलं तर आबा भिंतीकडे बघून खाकरायचे. जळगावच्या कॉलेजात वादविवादाला बक्षीस मिळवलेल्या मुलीला हे कसं वाटलं असेल ते सांगायला नको. पहिला महिना मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून बोलून घ्यायची.

मग दादर निघाली, म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, आणि वखरणीचे दिवस आले. अक्कांचे गुडघे दुखायचे, त्यामुळे आबांची भाकरी घेऊन बरडाच्या वावरात जायचं काम माझ्याकडे आलं. बरड म्हणजे हलकी, खडकाळ जमीन. आमच्या काळ्या मातीच्या वावरांच्या मानाने ते सावत्र लेकरू. पण पक्षी होते ते तिथेच.

भाकरी बांधावर ठेवून मी लांब उभी राहायची. आबा जेवून हात धुवायचे, आणि एके दिवशी ते बोलायला लागले. माझ्याशी नाही, बैलाशी.

“काय रे पवळ्या,” ते डावीकडच्या बैलाच्या मानेवर हात ठेवून म्हणाले, “चिडी जठे उतरस तठे तिनं घर नही ऱ्हास. लांब उतरस, मंग पायी पायी जास घर. समजनं का?”

पवळ्या रवंथ करत होता. समजलं होतं मला. मी आल्यापासून एक मादी जिथे उतरली तिथे घरटं शोधत होते आणि आबांनी ते पाहिलं होतं. पक्ष्याला ते नुसतं चिडी म्हणत, मग ती डोंबारी असो की चंडोल. पण एकेकीची चाल त्यांना माहीत होती. चिडी घरट्यावरून थेट उडत नाही, आधी पाच-पन्नास पावलं पळते, मग उडते. म्हणून उडाली तिथेही घर नसतं आणि उतरली तिथेही नसतं. मधल्या पळण्यावर डोळा ठेवला तरच सापडतं.

त्या उन्हाळ्यात पवळ्याचं बरंच शिक्षण झालं. घरटं म्हणजे ढेकळाच्या आडोशाला बशीएवढा खळगा, ढेकूळ नेहमी उन्हाच्या बाजूला. आत गवताच्या काड्या, आणि कडेला बारीक खडे मांडलेले, कुणी मुलीने भातुकलीचं अंगण घालावं तसे. दोन नाहीतर तीन अंडी, करड्या ठिपक्यांची. “दुपारले देख पवळ्या, पंख उघाडीसन उभी ऱ्हास ती. अंडास्वर सावली धरस.” मी बांधावरून पाहिलं. खरंच उभी होती, चोच उघडी, गळा धपापतोय, आणि दोन्ही पंख छत्रीसारखे धरलेले. नर आला, तो उभा राहिला, ती खायला गेली. त्या उन्हात आम्ही माणसं सावली शोधायचो आणि तळहाताएवढे ते जीव स्वतःची सावली करून द्यायचे.

आबांचं आणखी एक म्हणणं होतं, की बांधावरचा चंडोल त्यांची बैलांना घालायची शीळ वाजवून दाखवतो आणि पवळ्या फसून थांबतो. चंडोल दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो हे खरं आहे. टिटवी तर तो हुबेहूब काढतो. पवळ्याचं मात्र मला माहीत नाही. पवळ्याला थांबायला कुठलंही निमित्त चालायचं.

या सगळ्यामागे आबांचा एक अभिमान होता. पाहुणे आले की ते सांगत, “पन्नास वरीस झायात वखर धरीसन. चिडीनं एक घर मोडनं नही. ज्या दिन मोडी, त्या दिन वखर ठेई देसू.” वखराचं लोखंडी पातं चार बोटं मातीखालून जातं, वरचं सगळं उलटंपालटं करत. समोर चिडी पळाली की आबा बैल थांबवायचे, डोळ्यांनी तेवढी जागा हेरायचे आणि वखर उचलून पुढे टेकायचे. वखरलेल्या वावरात अशी हात-दीड हाताची तीन-चार बेटं राहिलेली दिसत. गावातले लोक हसत. म्हणत, आबांच्या वावराला देवी आल्या आहेत.

त्या वर्षी मात्र त्यांना दिसत नव्हतं. हे माझ्याआधी बहुधा पवळ्याला कळलं असावं, कारण तास, म्हणजे वखराची एक ओळ, संपला की तो आपणहून वळायचा. मला कळलं ते एका दुपारी. मादी बैलांच्या पुढ्यातून पळाली आणि आबा थांबले नाहीत. माझ्या तोंडून “अहो!” निघालं. मोठ्याने. ते दचकून थांबले. घरटं वखरापासून वीतभर होतं. वखर उचलून त्यांनी पुढे टेकवला. पण नंतर भाकरी घेताना त्यांनी हात भाकरीच्या थोडा बाजूला टेकवला आणि मग सरकवला. डोळ्यांत मोतीबिंदू दुधासारखा उतरला होता. नवरा दोन वर्षं मागे लागला होता ऑपरेशनच्या. आबा म्हणत, “माले दिसस.”

मग मी आबांचं जेवण झालं की परतायचं सोडलं. बांधावर बसायची. चिडी पळाली की खोकायची. आबा थांबायचे, इकडेतिकडे बघितल्यासारखं करायचे आणि वखर उचलायचे. दोघांनाही माहीत होतं काय चाललंय, आणि दोघंही ते बोलत नव्हतो. मला वाटतं त्या घरात मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते त्या खोकण्यात.

आखाजी जवळ आली. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. अक्षय्य तृतीया म्हणून तो बाकीकडे सोन्याच्या दुकानात साजरा होत असेल, आमच्याकडे तो झोक्यावर आणि माहेरी होतो. भाऊ मला न्यायला आला. आठ दिवस जळगावला राहायचं होतं. मी आनंदाने नाचायला हवं होतं, पण बरडाचं वावर अर्धं वखरून झालं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात, पायवाटेपासून चार हातांवर, एका घरट्यात दोन अंडी होती. चार-पाच दिवसांत पिल्लं निघाली असती. आणि खोकायला मी नसणार.

आबांना सांगावं तर कसं? “तिथे घरटं आहे” म्हणणं म्हणजे “तुम्हाला दिसत नाही” म्हणणं. दुसऱ्या कुणाला सांगावं तर ते गावभर होणार. घरात सणासाठी भिंती सारवल्या होत्या आणि डबाभर गेरू कालवून ठेवला होता. मी एक उभट दगड घेतला, त्याला गेरू फासला, पदराखाली झाकून वावरात नेला आणि घरट्यापासून दोन हातांवर उभा केला. एवढा लाल रंग आबांना नक्की दिसेल. काही तरी आहे म्हणून ते वळसा घालतील, आणि वळसा घातला की ते पाहून घातला असं त्यांना स्वतःलाही वाटेल. बांधावर बसून मी वाट पाहिली. थोड्या वेळाने मादी पायी पायी आली, दगडाकडे मान वाकडी करून पाहिलं, आणि बसली. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. दोंडाईच्याहून जळगावपर्यंत पॅसेंजरमध्ये मी एकटीच हसत होते.

आता कुणीही खानदेशी माणूस सांगेल की वावरात उभा, लाल, पायवाटेच्या जवळचा दगड म्हणजे काय. मला कळायला हवं होतं. मीही याच मातीतली. पण मी त्या दगडाकडे खूण म्हणून पाहत होते, आणि आपण केलेल्या खुणेत दुसऱ्याला काय दिसेल हे आपल्याला सुचत नाही.

परत आले तेव्हा गावाच्या वेशीवरच शेजारच्या सुंदराकाकू भेटल्या. “देव निंघना व माय तुमना वावरमा!” त्यांचा चेहरा फुलला होता. “आखाजीना दिन हात जोडात, नि सांजले मनी म्हैस सापडनी!” तीन दिवस हरवलेली त्यांची म्हैस. मग काय विचारता. दगडाला शेंदूर लागला होता, नारळ फुटले होते, बायकांनी दहीभात ठेवला होता, सांजोऱ्या ठेवल्या होत्या. मी पिशवी घरी टाकली आणि वावरात गेले. दगडावर कावळे बसले होते. एक नाही, सात-आठ. काकू मागून आल्या होत्या, त्या कौतुकाने म्हणाल्या, “सकायपाईन बठेल ऱ्हातस परसादवर.”

घरटं तसंच्या तसं होतं. काड्या जाग्यावर, खड्यांचं अंगण जाग्यावर, एक खडासुद्धा हललेला नव्हता. आत अंड्याच्या टरफलाचे दोन तुकडे. वखराचा तास घरट्यापासून हातभर अंतरावरून गेला होता. लोखंडाखाली आलं असतं तर ते खडे राहिले असते का? कावळ्यांनी खाल्लं होतं, आणि कावळ्यांना जेवायला मी बोलावलं होतं.

घरी आले तर भरदुपारी बैल गोठ्यात आणि आबा खाटेवर. वखर भिंतीला टेकवलेला. अक्कांनी मला स्वयंपाकघरात ओढून हळूच सांगितलं, “तेस्ना वखरखाले चिडीनं घर उनं म्हने.” देवाभोवती वखरताना कुणीतरी बाईने टरफलं पाहून ओरडून सांगितलं होतं. आबांनी बसून हाताने चाचपलं. घरटं लागलं, टरफल लागलं, आणि हातभर अंतरावर आपलाच तास लागला. खडे मांडलेले आहेत की विस्कटलेले हे बघायला डोळे हवेत. आबा उठले, बैल सोडले आणि घरी आले. तेव्हापासून वखराला हात लावला नव्हता.

“अक्का, ते त्यांनी नाही मोडलं,” मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. अक्कांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाल्या, “राहू दे व माय. दिसत नही तरी ऐकत नव्हतात. देवनीच सोडाडं तेस्ले.” शनिवारी नवरा आला, त्यालाही सांगितलं. तोही म्हणाला, “बरंच झालं. आता ऑपरेशनला तयार होतील.” दोघांचं चुकीचं होतं असं मला आजही म्हणता येत नाही. एखादा बैल बिथरला असता, आबा वखरावर पडले असते, तर? सगळ्यांच्या भल्याचं होतं. फक्त खोटं होतं, आणि ते एकट्या आबांच्या डोक्यावर बसलं होतं.

चार दिवस मी गप्प राहिले. आबा जेवत नव्हते असं नाही. जेवायचे. पण भिंतीकडे बघून खाकरायचं थांबले होते. पाणी हवं असलं तरी तसेच बसून राहायचे. पाचव्या दिवशी अक्का शेजारी गेल्या असताना मी चहाचा कप घेऊन ओट्यावर गेले, कप ठेवला आणि बाजूला झाले नाही.

“आबा,” मी म्हणाले. “घरटं तुमच्या वखराने नाही मोडलं. अंडी कावळ्यांनी खाल्ली. नैवेद्याला आले होते ते. आणि तो देव नाहीये. तो दगड मी ठेवला होता.”

आबांनी मान माझ्या दिशेने वळवली. सुनेने तोंड उघडलं याचाच त्यांना धक्का बसला असणार.

“तो दगड तू ठेवा?”

“हो.”

“कसाले?”

आणि इथे माझी जीभ अडली. याचं उत्तर एकच होतं, तुम्हाला दिसत नाही म्हणून. मी त्या गढुळलेल्या डोळ्यांकडे पाहिलं. वादविवादातलं बक्षीस कुठल्या कामाला येतं? “असंच,” मी म्हणाले. “गंमत म्हणून.”

आबांनी कप हातात घेतला. मग हसले. दहा दिवसांत पहिल्यांदा.

“असंच कोनी गेरू फासस का दगडले?” ते म्हणाले. मध्ये पवळ्या नव्हता, ते माझ्याशीच बोलत होते. “खोटं बोलता येत नही तुले, माय. पन मनासाठे बोलनी, हाईच भलतं झायं.” म्हणजे, माझ्यासाठी बोललीस हेच खूप झालं.

त्यांनी चहा पिऊन टाकला. मी पुन्हा सांगितलं, शप्पथ घेतली, खडे जाग्यावर होते ते सांगितलं. जितकं सांगावं तितका त्यांचा चेहरा मऊ होत गेला. शेवटी मीच थांबले.

पुढे दिवाळीनंतर धुळ्याला त्यांचं ऑपरेशन झालं. जाड काचांचा चष्मा आला आणि आबांना पुन्हा ढेकूळ आणि चिडी वेगवेगळी दिसायला लागली. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आता वखर धरतील. धरला नाही. वखर चुलतदीर चालवायचा आणि आबा हातात काठी घेऊन बैलांच्या पुढे चालायचे, घरटं दिसलं की काठी आडवी धरायचे. नव्वदनंतर ट्रॅक्टर आला. त्याच्यापुढे चालता येत नाही. देवाच्या दगडाभोवती आजही खाटेएवढी जमीन न वखरता सोडतात, पण तिथे मी कधी घरटं पाहिलं नाही. कावळ्यांचा राबता असतो.

चष्मा आल्यावर मी खरं कारण सांगू शकले असते. तेव्हा ते शब्द बोचले नसते. तेवढ्याने कदाचित त्यांनी वखर पुन्हा धरलाही असता. दोन-तीनदा मी ओट्यापर्यंत गेलेही. पण तोवर आबांनी ती गोष्ट स्वतःची करून टाकली होती. आखाजीला नणंदा आल्या, घर भरलं, पंगत बसली की ते हमखास सुरू करायचे. सुनेने कशी देवाच्या दगडाची आणि कावळ्यांची कहाणी रचली, कशी शप्पथ घेतली, आणि तिला कसं खोटं बोलता येत नाही. नणंदा हसून लोटपोट व्हायच्या. मग आबा चष्मा काढून डोळे पुसायचे आणि माझ्याकडे हात करून म्हणायचे, “मना डोकावरलं पाप पोरनी सोताना डोकावर लिधं.”

सगळे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. पाप माझंच होतं. मी पदर सावरून त्यांच्या ताटात आमरस वाढायची.